सुट्टीत मुलांना पाण्यावर नेताय? आधी शिट्टी कुणाच्या गळ्यात ते ठरवा

परीक्षा संपल्या की पुण्यात घरोघरी एकच विषय, पोरांना कुठंतरी पाण्यावर न्यायचं. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवनेचं बॅकवॉटर, कुणाच्या तरी ओळखीतलं फार्महाऊस, नाहीतर सरळ गावाकडची विहीर. जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, पण आपला क्रम सगळा उलटा असतो. गाडी लागते, पोरं पाण्याकडं पळतात, मोठी माणसं चटई टाकायला सावली शोधतात, डबे निघतात, कुणीतरी फोटो काढतं आणि मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की धाकटं दिसत नाहीये.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी पानशेत रोडवरच्या एका फार्महाऊसवर आम्ही सगळं खटलं घेऊन गेलो होतो, मोठी माणसं नऊ आणि पोरं पाच. मी पूलपासून पाच-सहा पावलांवर कलिंगड कापत होतो, पाठ पाण्याकडं. माझी चार वर्षांची भाची पूलच्या पायरीवर बसली होती, ती एक पायरी खाली घसरली आणि पाणी थेट नाकाच्या वर. आवाज शून्य. ना ओरडली, ना हात आपटले. माझी चुलत बहीण हात धुवायला आली म्हणून तिला दिसलं, तिने दंडाला धरून वर ओढलं तेव्हा पोरगी खोकत खोकत रडायला लागली. नंतर आम्ही एकमेकांना विचारतोय, "तुझ्याकडं होती ना?" "नाही, मला वाटलं ताईकडं आहे." नऊ माणसं असून बघत एकही नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघतोय.

तेव्हापासून आमच्या घरात एक लाल शिट्टी आहे. ज्याच्या गळ्यात शिट्टी, पाणी त्याचं. पुढचं सगळं याच्याभोवतीच आहे, फक्त क्रम चुकवू नका.

१. सुरुवात घरातून: बादली, पिंप, टाकी

बाहेरच्या पाण्याची भीती सगळ्यांना असते, घरातल्या पाण्याची कुणालाच नसते. उन्हाळ्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारी रात्रीच बादल्या, पिंपं, टब, सापडेल ते भरून ठेवायचं ही आपली सवय. रांगणाऱ्या नाहीतर नुकत्या चालायला लागलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते पाण्यात हात घालायला वाकलं की तोल पुढं जातो आणि पाय वर होतात. बादली भरलेली, जड, त्यामुळं ती आडवी होत नाही आणि बाळाला उलटं बाहेर येता येत नाही. दोन इंच पाणी पुरतं याला.

काय करायचं तर भरलेली बादली बाथरूममध्येच ठेवायची आणि बाथरूमला बाहेरून, वरच्या बाजूला कडी लावून घ्यायची, खालची कडी पोरं उघडतात. पिंपाला घट्ट बसणारं झाकण पाहिजे, वर ताट किंवा पाट ठेवला तर तो झाकण म्हणून धरू नका. गच्चीवर हवा भरायचा छोटा टब लावला असेल तर खेळ संपल्या संपल्या उलटा करायचा, संध्याकाळी झाडांना घालू म्हणून पाणी तसंच ठेवायचं नाही.

सोसायटीची जमिनीखालची टाकी स्वतः जाऊन बघा. टँकर लागला की पाईप सोडायला झाकण उघडतात आणि टाकी भरेपर्यंत ते उघडंच राहतं, नेमकी तीच वेळ पोरांची खाली खेळायची. तेवढा वेळ तिथं एक माणूस उभा पाहिजे आणि नंतर कुलूप. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथले पाण्याने भरलेले खड्डेही याच यादीत धरा, तिथल्या कामगारांची पोरं तर दिवसभर तिथंच असतात.

तपासा: आत्ता उठून घरात एक चक्कर मारा. गुडघ्यावर बसून बघा, म्हणजे बाळाच्या उंचीवरून उघडं पाणी कुठं कुठं आहे ते कळतं.

२. निघायच्या आदल्या दिवशी

आधी एक प्रामाणिक प्रश्न, पोराला "पोहता येतं" म्हणजे नक्की काय येतं? समर बॅचला जाऊन आलं, फळी धरून पाय मारतं, याला पोहणं म्हणत नाहीत. पोहता येतं म्हणजे पाच गोष्टी सलग यायला पाहिजेत: डोक्यावरून पाणी जाईल एवढ्या खोलात उतरून वर येणं, मिनिटभर तरंगणं, पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, २५ मीटर पोहत जाणं आणि शिडी नसताना काठ धरून स्वतः बाहेर येणं. यातली एक जरी येत नसेल तरी ते पोर न पोहणाऱ्यांत धरा. आणि हे सगळं पूलमध्ये येत असलं तरी धरणात येईलच असं नाही, तिथं तळ दिसत नाही, पाणी खाली गार असतं आणि पायात गोळा आला तर धरायला कठडा नसतो.

पोहायला जरूर शिकवा, साधारण चौथ्या वर्षापासून बहुतेक मुलं नीट शिकतात. पण शिकवलं म्हणून नजर काढायची नाही.

आता सामान. शिट्टी. १०-१५ मीटरची मजबूत दोरी. तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, ज्यात तळाला पेलाभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावायचं, म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही, आणि दोरीचं एक टोक त्याच्या मुठीला पक्कं बांधायचं. हा कॅन गाडीच्या डिकीत कायम राहू द्या. चार्ज केलेला फोन. टॉवेल, कोरडे कपडे. पोरांचे पोहायचे कपडे भडक नारिंगी, पोपटी नाहीतर गुलाबी घ्या, निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसेनासा होतो, विश्वास नसेल तर दोन्ही कपडे बादलीत बुडवून बघा.

लाईफ जॅकेट हा मोठा विषय आहे कारण लोक हवेच्या ट्यूबवर आणि दंडाला लावायच्या फुग्यांवर भरवसा ठेवतात. ती खेळणी आहेत. ट्यूबमधून पोर खाली सटकतं, नाहीतर उलटं होऊन पाय वर आणि डोकं पाण्यात असं अडकतं. जॅकेट घ्यायचं ते पोराच्या वजनाचं, वजन आत लेबलवर लिहिलेलं असतं, "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात गळ्यावरून वर निघून जातं. लहान मुलांसाठी दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलंच बघा. सगळे पट्टे लावा, खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. हनुवटी आणि कान आत गेले तर ते मापाचं नाही. बोटिंगला जे जॅकेट देतात त्याला पण हीच परीक्षा, बक्कल तुटलेलं असेल किंवा लहान मापाचं नसेल तर बोटीत बसायचं नाही, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

सावध: पानशेत, मुळशीच्या आतल्या भागात रेंज येते-जाते. कुठून फोन लागतो हे पोचल्या पोचल्या बघून ठेवा. ११२ मदतीसाठी, १०८ ॲम्ब्युलन्ससाठी, १०१ फायर ब्रिगेड. मोठ्या पोरांना हे पाठ पाहिजेत.

३. पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. पोहायची वेळ असते तेव्हा निदान चार डोळे पाण्याकडं असतात, पण सामान उतरवताना, जेवताना आणि निघताना कुणाचंच लक्ष नसतं आणि पोरांचं मात्र सगळं लक्ष पाण्याकडंच.

म्हणून पोचल्यावर पोरं गाडीतच बसतील, एका मोठ्या माणसाबरोबर. कुरकुर करतील, करू द्या. दुसऱ्याने जाऊन पाणी बघून यायचं. काय बघायचं? पहिलं, फलक. पाटबंधारे खात्याचा मनाईचा फलक असेल तर विषय संपला, काठावर बसा, कणीस खा, पाण्यात उतरायचं नाही. दुसरं, तळ दिसतो का. तिसरं, बाहेर यायची वाट कुठं आहे, कारण आत जाणं सोपंच असतं. चौथं, पूल असेल तर खोली कुठून किती वाढते, पायऱ्या निसरड्या आहेत का, तळाच्या जाळीचं झाकण जागेवर आहे का. ते निघालेलं असेल तर पोरं आत नाहीत, तिथल्या ओढीत केस नाहीतर हात अडकतो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलेलं असतं आणि हा भाग फसवा असतो. वरून माती वाळलेली, भेगा पडलेली दिसते, खाली गुडघाभर गाळ. पाय रुतला की काढायला जोर लावावा लागतो, तोल जातो, आणि पोर पुढं पाण्यात. काठापासून चार पावलांवर घोट्याएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला एकदम खड्डा, असंही असतं, कारण खाली जुनं नदीपात्र किंवा मुरूम उपसलेले खड्डे असतात. दगडखाणीत साठलेल्या पाण्यात तर उतरायचंच नाही. वाघोली, मोशीकडं अशा खाणी आहेत, तिथं काठ सरळ कापलेला असतो, उथळ बाजू नसते.

हे झालं की शिट्टी बाहेर काढा. पंधरा-वीस मिनिटांची एकेक पाळी. शिट्टी गळ्यात असेल त्याने मोबाईल बघायचा नाही, गप्पांत पाण्याकडं पाठ करायची नाही, भजी तळायला मदत करायची नाही, पाण्यात पण उतरायचं नाही. दारू घेतलेल्या माणसाला शिट्टी मिळणार नाही, एक बिअर घेतली असेल तरी नाही. पाळी बदलताना शिट्टी हातात देऊन तोंडाने म्हणायचं, "पाच पोरं, आता तू." आणि समोरच्याने मोजून म्हणायचं, "पाच, घेतली." बावळटासारखं वाटतं सुरुवातीला, आमच्याकडं पण काका हसले होते, आता तेच आधी शिट्टी मागतात. पोरांनाही सांगून ठेवा, एक शिट्टी म्हणजे आहे तिथं थांबायचं आणि बघायचं, दोन म्हणजे सगळ्यांनी बाहेर.

तपासा: "बघतायत सगळे" हे उत्तर आलं तर समजा कुणी बघत नाहीये. उत्तर एका माणसाचं नाव असलं पाहिजे.

४. पोरं पाण्यात असताना

पाच वर्षांखालची आणि पोहता न येणारी पोरं हाताच्या अंतरावर पाहिजेत, म्हणजे हात लांब केला की दंड हातात आला पाहिजे. त्यांच्यासाठी शिट्टीवाला पुरत नाही, एकेका पोरामागं पाण्यात उभं असलेलं एकेक माणूस लागतं.

बुडणारं मूल "वाचवा वाचवा" ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात ते श्वास घेतं, ओरडायला हवा आणि वेळ दोन्ही नसतं. हात वर करून हलवत नाही, उलट हात बाजूला खाली दाबले जातात. अंग सरळ उभं, पाय जवळजवळ स्थिर, डोकं मागं गेलेलं, तोंड उघडं, पाण्याच्या पातळीवर वरखाली होणारं. केस डोळ्यांवर आलेत आणि बाजूला सारत नाही. जिना चढायचा प्रयत्न करतंय असं वाटतं पण पुढं सरकत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मस्ती करतंय. हा सगळा प्रकार २० ते ६० सेकंदांत संपतो, तेवढ्यात एक मेसेज टाईप करून होत नाही. शंका आली तर हाक मारा, "ए, ठीक आहेस ना?" उत्तर आलं नाही की लगेच हालचाल करायची. पाण्यात दंगा करणारी पोरं गप्प झाली की आधी तिकडं बघा.

तीन खेळांना सक्त मनाई. कोण जास्त वेळ श्वास रोखून बसतो ही पैज, यात चांगलं पोहणारं पोरही पाण्याखालीच बेशुद्ध होतं आणि वरच्यांना वाटतं अजून जिंकतंय. खोली माहीत नसताना सूर मारणं, मान मोडते. आणि एकमेकांना धरून पाण्यात दाबणं.

दुपारनंतर सिंहगड, पानशेतकडं ढग भरून आले आणि गडगडलं की दोन शिट्ट्या. वळीव पंधरा मिनिटांत येतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जायचं नाही, एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही, गाडीत बसा.

दहावी-बारावीची पोरं मोटारसायकलवर धरणावर जातात, त्यांच्याबरोबर शिट्टी घेऊन तुम्ही जाणार नाही. त्यांच्याकडून एवढंच वदवून घ्या की रीलसाठी कुणी पाण्यात उतरणार नाही आणि मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी मारणार नाही. ओरडून सांगाल तर ऐकणार नाहीत, खाली सहाव्या क्रमांकात बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते दिलंय, ते नीट समजावून सांगा, ते ती ऐकतात.

५. गावाला गेल्यावर: कालवा, विहीर, शेततळं

आमचं गाव दौंड तालुक्यात, घरापासून कालवा दोन मिनिटांवर. शहरातली पोरं गावाला गेली की आजी-आजोबांना वाटतं "आमची पोरं तर इथंच वाढली." पण गावच्या पोराला माहीत असतं आणि शहरातल्याला नसतं असं बरंच काही आहे.

कालवा काल कोरडा होता म्हणून आज कोरडाच असेल असं नाही. खडकवासल्यातून उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की रिकामा कालवा बघता बघता भरून वाहतो. पाणी वरून शांत दिसतं, आत ओढ असते, आणि सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं, आत गेलेल्याला काठ धरता येत नाही. गोधड्या धुवायला बायका कालव्यावर जातात तेव्हा पोरं बरोबर असतात. सगळ्यांचे हात पिळण्यात गुंतलेले, आणि पोर घसरलं की आई साडीनिशी मागोमाग उतरते. एका पोरामागं दोन-तीन माणसं जातात ती अशी. गोधड्या धुवायला जाताना पोरं घरी ठेवा, नाहीतर एक बाई फक्त पोरांसाठी आणि एक दोरी काठावरच्या झाडाला बांधलेली.

विहिरीचं पाणी मे महिन्यात खाली गेलेलं असतं, म्हणजे काठापासून उडीची उंची वाढलेली आणि पाणी कमी, वर यायला पायऱ्याही नसतात कित्येक ठिकाणी. पायऱ्या नाहीत त्या विहिरीत पोहायला शिकवायचं नाही. पाठीला डबा बांधून शिकवणार असाल तर गाठ तुम्ही स्वतः ओढून बघा आणि अंगाला वेगळी दोरी, जिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात.

शेततळ्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर प्लास्टिकचा कागद, ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, पोहता येणारा सुद्धा बाहेर येऊ शकत नाही. ज्यांचं शेततळं आहे त्यांनी दोन कामं करायचीच. भोवती तारेचं कुंपण आणि कुलूप असलेलं फाटक. आणि चारही बाजूंना पक्क्या खुंट्याला बांधलेली, हात-दीड हातावर गाठी मारलेली जाड दोरी, पार पाण्यात तळापर्यंत सोडलेली. एक जुनी फुगवलेली ट्यूब पण बांधून ठेवा. शेजाऱ्याचं शेततळं असेल तर तुम्ही दोरी घेऊन जा, रागावणार नाही तो.

६. कुणी बुडताना दिसलं तर

उडी मारू नका. माहीत असूनही माणूस हेच चुकतो. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरून त्याच्यावर चढायचा प्रयत्न करतो, त्याचा काही दोष नसतो, आणि वाचवायला गेलेला आधी खाली जातो.

क्रम असा. शिट्टी नाहीतर हाक, माणसं गोळा. एकाला बोट दाखवून सांगा, "तू ११२ लाव." मग काठावर पालथं पडून काठी, बांबू, ओढणी, साडी पुढं करा, तुमचे पाय दुसऱ्याने धरले पाहिजेत. हात पोचत नसेल तर कॅन फेका, बुडणाऱ्याच्या पलीकडं, आणि दोरी त्याच्या अंगावरून ओढत आणा. दोरी नसेल तर तरंगणारं काहीही फेका, रिकामी घागर पालथी, बंद बाटल्यांची पिशवी, बॉल. पाण्यात जायची वेळ आलीच तर फक्त चांगलं पोहणाऱ्याने, तरंगणारी वस्तू हातात घेऊन, आणि तीच पुढं करायची, स्वतःचा हात नाही.

तपासा: दिसेनासं झालेलं पोर शोधताना आधी पाणी बघा, मग खोल्या आणि गाडी. आपण नेमकं उलटं करतो.

७. बाहेर काढल्यावर

पोट दाबू नका. पायाला धरून उलटं करू नका, गरगर फिरवू नका, खांद्यावर पालथं टाकून पळू नका. पोटातलं पाणी काढल्याने श्वास सुरू होत नाही, उलट उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. आणि बुडालेल्याला मिठात पुरून ठेवा म्हणून जो मेसेज फिरतो तो साफ खोटा आहे, त्यात वेळ घालवला तर पोर जातं. हवा मिळाली नाही तर मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते, त्यामुळं पहिलं काम श्वास.

सपाट, कडक जागेवर उताणं झोपवा. हाक मारा, खांद्याला हलवा. उत्तर नाही, तर हनुवटी वर उचलून डोकं किंचित मागं, आणि दहा सेकंद छातीकडं बघा. अधूनमधून आचके आल्यासारखा श्वास म्हणजे श्वास नाही. नाडी शोधत बसू नका.

श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या. नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून, छाती वर येईल एवढीच हवा, एकेक सेकंद. अगदी लहान बाळ असेल तर नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एक तळवा, मोठं मूल असेल तर दोन्ही, बाळ असेल तर दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठे, आणि छाती एक तृतीयांश खाली जाईल इतकं दाबा, मोठ्या मुलाला साधारण ५ सेंटीमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. ३० वेळा दाबणं, २ श्वास, परत ३०. फोन स्पीकरवर ठेवून बोला. एकटेच असाल आणि फोन जवळ नसेल तर आधी मिनिटभर हे करा, मग फोनकडं पळा. उलटी झाली तर अख्खं अंग एका कुशीवर वळवा, बोटाने तोंड पुसा, परत सुरू. श्वास येईपर्यंत किंवा १०८ येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं, मध्ये खंड पडू न देता.

हे वाचून येत नाही, हाताने केलं की येतं. प्रथमोपचाराच्या क्लासमध्ये बाहुलीवर करून घ्या, मी केलं तेव्हा पहिली दोन मिनिटं माझा जोर निम्मा पण पडत नव्हता.

श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, ओले कपडे काढा, टॉवेलात गुंडाळा, पाणी-चहा काही पाजू नका. आणि जिथं श्वास द्यावा लागला, किंवा पोर थोडा वेळ जरी बेशुद्ध होतं, तिथं ते उठून बसलं, हसलं तरी हॉस्पिटलमध्येच न्यायचं. नुसतं नाकातोंडात पाणी गेलं असेल आणि नंतर खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, परत परत उलट्या होत असतील किंवा पोर अवेळी पेंगत असेल तर रात्र झाली तरी थांबू नका. डॉक्टरला चार गोष्टी सांगा: अंदाजे किती वेळ पाण्यात होतं, पाणी कसलं होतं, पूलचं की कालव्याचं, श्वास बंद होता का, आणि तुम्ही काय काय केलंत. हे आठवेल तसं गाडीत बसल्या बसल्याच फोनमध्ये लिहून ठेवा, तिथं पोचल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही.